ऑफिस, घाट आणि टेकडी: एकच सायकल घ्यायची तर

दुकानात गेलात की रंग आणि गिअरची संख्या नंतर बघा. आधी खाली वाकून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी आहे ते पाहा. 40 मिमी रुंद टायर बसून वर मडगार्डही मावत असेल, तर तीच फ्रेम पुण्यातल्या कर्वे रोडवरची रोजची ये-जा, रविवारची मुळशीची फेरी आणि टेकडीवरची मुरमाड वाट, सगळं निभावते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमला आटे पाडलेली भोकं हवीतच. नाहीतर पावसाळ्यात ऑफिसला पोचेपर्यंत शर्टाच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटलेली असते.

सिंहगडाचा घाट चढायचा असेल तर दात मोजा. पुढच्या लहान चक्रीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीइतके किंवा त्याहून कमी असावेत. 34 ला 34 चालेल, गुडघे वाचतील. उतरताना, विशेषतः ओल्या रस्त्यावर, डिस्क ब्रेकच बरे.

स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क (पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा चिमटा) मात्र घेऊ नका, नुसतं वजन वाढतं. त्यापेक्षा टायरमधली हवा कमी-जास्त करा: मध्यम वजनाच्या माणसाला या 40 मिमी टायरमध्ये डांबरावर साधारण 50 पीएसआय (पंपावर दिसणारा हवेचा दाब), मातीत 35. त्यासाठी छोटा पंप बॅगेत ठेवा.