थिसिसमधून पेपर काढताना

एमडी-एमएसची परीक्षा झाली की थिसिस लायब्ररीच्या कपाटात जाऊन बसतो आणि त्यावरून जर्नलसाठी पेपर, म्हणजे शोधनिबंध, करायचा राहूनच जातो. सरकारी मेडिकल कॉलेजात गाईड म्हणून काम करताना मला याचं फार वाईट वाटतं. फॉलो-अपसाठी दोन एसट्या बदलून येणाऱ्या पेशंटनी थिसिससाठीची माहिती आपल्याला विश्वासाने दिलेली असते. तिचा उपयोग दुसऱ्या डॉक्टरला आणि दुसऱ्या पेशंटला व्हायलाच हवा. म्हणून पहिल्यांदाच मॅन्युस्क्रिप्ट लिहायला बसणाऱ्या रेसिडेंटना मी जे सांगत आले आहे, ते इथे मांडते.

थिसिसला कात्री लावून पेपर तयार होत नाही. थिसिस परीक्षकासाठी असतो. विषय आपल्याला येतो हे त्यात दाखवायचं असतं, म्हणून रिव्ह्यू ऑफ लिटरेचर (आधीच्या संशोधनाचा आढावा) पानंच्या पानं चालतो. पेपर वाचणारा डॉक्टर ओपीडी आटोपून वाचायला बसलेला असतो. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवावा का, हे ठरवायचं असतं. त्यामुळे लिहायला बसण्याआधी कॉम्प्युटर बंद करा आणि आपला निष्कर्ष वॉर्डातल्या सिस्टरना दोन वाक्यांत मराठीत सांगून पाहा. कोणते पेशंट, कशाशी तुलना, काय दिसलं. हे सांगताना अडखळलात, तर प्रश्न अजून नक्की झालेला नाही, असं समजा.

याचा नमुना आपल्याच मातीत आहे. महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशावरचा पेपर 2011 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलात आला. प्रश्न एवढाच, की प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा पेशंट लवकर बरा होतो का? 70 पेशंट, दोन गट. दहा तासांनी लक्षणं पूर्ण ओसरलेले पेशंट प्रतिविषाच्या गटात 35 पैकी 32, दुसऱ्या गटात 35 पैकी 8. तालुक्याच्या गावी केलेलं काम अशा जर्नलात पोचतं त्यामागे प्रश्नाचा नेमकेपणा मोठा आहे, असं मला वाटतं.

लिहिण्याची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. आधी मेथड्स, म्हणजे अभ्यास कसा केला तो भाग, लिहा. माझा सगळा जीव याच भागात आहे, कारण पेपरचं खरंखोटं इथेच ठरतं. ‘100 पेशंट घेतले’ एवढं लिहून भागत नाही. त्या काळात त्या आजाराचे एकूण किती पेशंट आले, किती निकषात बसले नाहीत, किती जणांनी नकार दिला, किती जण फॉलो-अपला आलेच नाहीत? पेरणीच्या दिवसांत निम्मे लोक आले नसतील तर तसं लिहा. जे आले नाहीत ते बरे झाले की दगावले, यावर सगळा निष्कर्ष फिरू शकतो. ओपीडीत समोर येईल त्याला घेतलं, याला ‘रँडम’ (चिठ्ठी टाकल्यासारखी निवड) म्हणायचं नाही. सलग आलेले सगळे घेतले असतील तर ‘सलग’ म्हणा, सोयीने निवडले असतील तर तेही सांगा. कारण जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला ते मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता) न पाहताही कळतं.

यासाठी तयार चेकलिस्ट आहेत. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, ज्यात 22 मुद्दे आहेत. रँडमाइज्ड ट्रायलला (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचणीला) कॉन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर. बरेच जण सबमिशनच्या रात्री त्यात पान क्रमांक भरतात. त्यापेक्षा ती आधीच समोर ठेवून लिहा, अर्धं काम सोपं होतं. एथिक्स कमिटीने मंजूर केलेली सिनॉप्सिसही (अभ्यासाचा आराखडा) शेजारी हवी. तिच्यात जो मुख्य परिणाम मोजायचा ठरला होता तोच पेपरात मुख्य राहिला पाहिजे. पी व्हॅल्यू (फरक योगायोगाने दिसला असेल का, हे जोखणारा आकडा) चांगली आली म्हणून दुसराच आकडा पुढे आणणं ही वाचकाची फसवणूक आहे. ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायल नोंदवण्याच्या भारतीय नोंदवहीचा नोंदणी क्रमांक लागेल. 1 एप्रिल 2018 पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून करता येत नाही.

मेथड्सनंतर तक्ते करा आणि तक्त्यांवरून निकाल लिहा. टक्केवारीशेजारी मूळ आकडा द्या. ‘पी 0.05 पेक्षा कमी’ असं मोघम न लिहिता नेमकी किंमत आणि 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी किंमत ज्या मर्यादेत असू शकेल ती) द्या. चर्चा, प्रस्तावना आणि सारांश सगळ्यात शेवटी. संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. चॅटबॉटने सुचवलेला एकही संदर्भ मूळ पेपर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण नसलेले पेपरही तो बिनदिक्कत देतो.

आता लेखकांच्या नावांचा प्रश्न. यावर रेसिडेंट गप्प राहतात आणि शेवटी मन दुखावून बसतात. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी स्पष्ट आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करणाराच लेखक. विभागप्रमुख असणं किंवा परवानगीवर सही करणं यात बसत नाही. त्यांचे आभार मानता येतात. पण बढतीच्या नियमांत पेपर मोजले जातात, त्यामुळे नाव घालण्याचा दबाव येतोच. म्हणून पहिला मसुदा होण्याआधीच गाईडना विचारा, “मॅडम, कोणी काय लिहायचं आणि नावांचा क्रम आत्ताच ठरवूया का?” ठरलं की सगळ्यांना ईमेल करा. थिसिसचं काम रेसिडेंटने केलं असेल तर पहिलं नाव त्याचंच असावं, या मताची मी आहे आणि सहकाऱ्यांशी त्यावर वादही घालते.

जर्नल निवडताना चार दिवसांत स्वीकृतीचं आश्वासन देणाऱ्या मेल सरळ डिलीट करा. चांगल्या जर्नलला पैसे मोजावेच लागतात असंही नाही. केईएम आणि सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन 1955 पासून निघतं आहे, आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च 1913 पासून. त्यांचे अलीकडचे अंक वाचा, आपला विषय तिथे बसतो का पाहा. लेखकांसाठीच्या सूचना शब्द न् शब्द पाळा आणि एका वेळी एकाच जर्नलला पाठवा.

रिव्ह्यूअरची पत्रं कधी कधी कठोर असतात. दोन दिवस जाऊ द्या, मग प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली उत्तर आणि बदललेल्या ओळींचे क्रमांक लिहा. मुद्दा पटला नाही तर पुराव्यासह नम्रपणे तसं सांगा. पेपर नाकारला गेला तरी त्या सूचनांप्रमाणे दुरुस्त करूनच पुढच्या जर्नलला पाठवा. आपल्याकडे एकेका विषयातले जाणकार मोजकेच असतात, आणि तोच पेपर पुन्हा त्याच रिव्ह्यूअरच्या हाती पडण्याची शक्यता बरीच असते.