नव्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना अडचण कुठे आहे, हे कसे ओळखावे

नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना वाय-फाय दिसत नाही, पडदा काळा पडतो किंवा आवाज येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. निवडलेल्या डिस्ट्रोचा (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाचा) कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा त्याचा गाभा, त्या यंत्रातील चिपपेक्षा जुना असतो. डेबियन या डिस्ट्रोची बारावी आवृत्ती (डेबियन १२) जून २०२३ मध्ये आली ती ६.१ हा कर्नल घेऊन, आणि रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये दाखल झाला तो ६.२ या आवृत्तीत. मीडियाटेकच्या एमटी७९२५ या वाय-फाय चिपसाठी तर ६.७ लागतो. म्हणून ड्रायव्हर कुठून उतरवावा हे शोधण्याआधी आपल्या चिपला कोणत्या कर्नलपासून आधार मिळाला, हे शोधावे.

इन्स्टॉलेशनची प्रतही याच दृष्टीने निवडावी. उबुंटू २४.०४ ची एप्रिल २०२४ मधील पहिली प्रत कर्नल ६.८ ची होती, तर फेब्रुवारी २०२५ मधील २४.०४.२ मध्ये ६.११ आहे. इंटेलचे ल्युनार लेक प्रोसेसर सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आले, हे लक्षात घेतले की पेन ड्राइव्हवर पडून असलेली जुनी प्रत अशा लॅपटॉपवर का वापरू नये, हे उघड होते.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काहीही बदलण्यापूर्वी विंडोजमधील बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सुरक्षा) किंवा डिस्कची सेटिंग बदलल्यावर विंडोज ती की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर फाइली कायमच्या हातच्या जातात. लॅपटॉपच्या बायोसची नवी आवृत्ती आली असेल, तर तीही विंडोज शाबूत असतानाच बसवणे सोयीचे.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्क इंटेलच्या आरएसटी (RST) किंवा रेड (RAID) पद्धतीवर आहे का, ते पाहावे आणि असल्यास एएचसीआय (AHCI) ही साधी पद्धत निवडावी. विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल थेट करू नये. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग (msconfig) या साधनातून सेफ बूट चालू करावे, मग बायोस बदलावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि त्यानंतर सेफ बूट बंद करावे.

पडदा काळा पडत असेल तर ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या निवड-पडद्याच्या, यादीत ‘ई’ (e) ही कळ दाबून ‘लिनक्स’ (linux) या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा पर्याय जोडावा आणि एफ१० दाबावे. हा पर्याय इन्स्टॉलेशन पार पाडण्यापुरताच वापरावा. तो कायम ठेवला तर ग्राफिक्स चिपचा खरा ड्रायव्हर सुरूच होत नाही आणि यंत्र विनाकारण मंद वाटते. इन्स्टॉलेशननंतर कर्नल आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) अद्ययावत करून तो काढून टाकावा.

सर्वाधिक वेळ वाय-फायवर जातो, आणि तोही बहुधा निदान न करताच उपाय सुरू केल्यामुळे. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या पर्यायासह (lspci -nnk) द्यावी; ती यंत्रातील कार्डे आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. कार्डाच्या नोंदीखाली वापरातील ड्रायव्हरचे नाव आले नाही, तर कर्नल जुना असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हरचे नाव आहे पण कार्ड चालत नाही, अशा वेळी ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने दिसणारी कर्नलची नोंद वाचावी. तिथे फर्मवेअर (चिपमध्ये चालणारे छोटे सॉफ्टवेअर) लोड होताना ‘एरर -२’ आली असेल, तर त्याचा अर्थ फर्मवेअरची फाइल सापडली नाही इतकाच आहे, आणि फर्मवेअरचे पॅकेज अद्ययावत केल्याने काम होते. दोन्ही दोष वरून सारखे दिसतात, पण उपाय वेगळे आहेत.

डेबियन १२ वर आरटीएल८८५२बीईसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, म्हणजे तात्पुरते इंटरनेट मिळते. मग बुकवर्म-बॅकपोर्ट्स हे डेबियन १२ साठी नवी पॅकेजे देणारे भांडार जोडून त्यातून कर्नल आणि रिअलटेकचे फर्मवेअर अशी दोन्ही पॅकेजे घ्यावीत. एकच घेतले तर अडचण अर्धवट सुटते. जुना कर्नल मात्र काढू नये. नव्याने दगा दिला, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुन्यावर परतता येते.

कोणीतरी इंटरनेटवर ठेवलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करण्याचा मार्ग मी शेवटचाच मानतो. तो डीकेएमएसद्वारे (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बसवला नसेल तर कर्नलच्या पुढच्या अद्यतनानंतर बंद पडतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर डिजिटल सही करून त्या सहीची की यंत्रात नोंदवल्याशिवाय लोडच होत नाही.

आवाजाचे निदानही याच रीतीने होते. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर ‘सॉफ’ (SOF) हे आवाजाचे फर्मवेअर आणि अल्सा (ALSA) या लिनक्सच्या ध्वनी-व्यवस्थेच्या यूसीएम (UCM) या सेटिंग्जच्या फाइली नव्या आहेत का, एवढे आधी तपासावे. कॅमेरा यूएसबीऐवजी इंटेलच्या आयपीयू६ (IPU6) या चित्र-प्रक्रिया चिपला जोडलेला असेल, तर नव्या कर्नलसोबत लिबकॅमेरा ही कॅमेरा हाताळणारी लायब्ररीही लागते आणि तरीही प्रत्येक ॲपमध्ये चित्र येईलच असे नाही. ऑनलाइन बैठका रोजच्या असतील तर तोवर यूएसबीचा साधा वेबकॅम जोडावा.