जाम घाटात फुलं दिसत नाहीत? मग या चुका टाळा

दिवाळीची सुटी लागली की इंदूरच्या आमच्या मंडळींना महूच्या पुढचा जाम घाट आठवतो. परत आल्यावर तक्रार ठरलेली: "नुसतं गवत हो, फुलं कुठं होती?" असणार कशी? माळव्यातून पाऊस सप्टेंबरअखेरीस काढता पाय घेतो आणि दसऱ्यानंतर विंध्याचे उतार पिवळे पडायला लागतात. गणपती उठले की निघा, फार तर नवरात्रात. आणि कासचे फोटो डोक्यात घेऊन येऊ नका. इथं गालिचे नसतात. गवतात वाकून बघावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे उशीर, आणि हिचा मला खरा राग आहे. एकदा कॉलनीतल्या एका कुटुंबाबरोबर जायचं ठरलं. वेळ सहाची. पण पोहे-जिलबी झाल्याशिवाय गाडी हलेना, मग महूला चहा, मग कुणाची तरी टोपी विसरलेली. जाम गेटला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. केन्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या विरघळल्यासारख्या लिबलिबीत होतात. काका पानं उलटीपालटी करत म्हणाले, "हेच दाखवायला आणलंत?" मग अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या दरवाज्यापुढं सगळ्यांचे सेल्फी झाले आणि स्वारी परत. उन्हातही टिकणारा पांढरा-गुलाबी कुर्डू रस्त्याच्या कडेला उभा होता, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता मी साडेपाचला निघतो. पोहे डब्यात.

चालत्या गाडीतून शोधू नका. वळणावर थांबू नका, आणि कडेच्या काळ्या मातीत चाक तर मुळीच उतरवू नका. पाऊस झाला असेल तर ट्रॅक्टर शोधत बसाल. गाडी मोकळ्या जागी लावून पायी चला.

घाणेरी बघून हरखू नका. ती अमेरिकेतून आलेली, केशरी कॉसमॉसही मेक्सिकोचा; दोन्ही इथली रानफुलं नव्हेत.

तेरड्याची पिकलेली बोंडं मुलांना खुशाल फोडू द्या. कळलावीला मात्र हात नको. फूल लाल-पिवळं, देखणं, पण सगळी वेल विषारी, कंद सर्वांत जास्त. कुंडीसाठी तो उपटणाऱ्यांना मी पुन्हा गाडीत घेत नाही.

अ‍ॅपला नुसतं फूल दाखवलं की ते काहीही नाव ठोकून देतं. पान, देठ आणि फुलाची मागची बाजू, तिन्हींचे फोटो काढा. नाव घरी येऊन शोधा.