घरच्या घरी सीएनसी राउटर: पैसे वाचवा, पण काटकोन सोडू नका

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाने दिलेल्या मापांनुसार फिरत्या बिटने लाकूड, प्लास्टिक कापणारं मशीन. पहिल्या मशीनसाठी ४०० × ३०० मिमी कामाची जागा पुरे. नावाच्या पाट्या, एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) जाळी, अॅक्रिलिकची अक्षरं एवढं काम त्यावर आरामात होतं. लोखंड कापायचा विचार मात्र डोक्यातून काढा.

सामान सगळं बाजारात मिळतं: मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात. अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यावर बसणारी सीएनसी शील्ड, मोटर चालवणारे चार ड्रायव्हर, नेमा १७ मापाच्या चार स्टेपर मोटर (ठरावीक स्टेपने फिरणाऱ्या), टी८ लीडस्क्रू (फिरला की भाग सरकवणारा आटेदार दांडा), २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा). वायरिंग आणि अर्डुइनोत जीआरबीएल (मशीन चालवणारा प्रोग्रॅम) भरणं हे एका संध्याकाळचं काम. तिथे दोनच गोष्टी पाळा. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळतो. आणि शील्डवर मायक्रोस्टेपचे तिन्ही जंपर (छोट्या जोडपिना) लावले, तर ए४९८८ ड्रायव्हरवर मोटरच्या एका स्टेपचे १६ भाग होतात, डीआरव्ही८८२५ वर ३२. एका फेऱ्यात ८ मिमी सरकणाऱ्या स्क्रूला पहिल्यावर मिमीला ४०० स्टेप लागतात, दुसऱ्यावर ८००. हे गणिताने येणारे आकडे आहेत, अंदाजाने बदलायचे नाहीत.

काटकसर फ्रेममध्ये करता येते, ज्यांवर भाग सरकतात त्या रेलमध्ये नाही. १८ मिमी एमडीएफचे दोन थर चिकटवून केलेली फ्रेम लाकूडकामाला चांगली चालते. पण ड्रॉवरचे चॅनेल रेल म्हणून वापरायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. त्यांची मूळची ढिलाई कुठल्याही स्क्रूने जात नाही. फक्त दोन टोकांना धरलेले ८ मिमीचे रॉडही नकोत. जाडी दुप्पट केली की रॉडचा ताठपणा १६ पट होतो, म्हणून १६ मिमीचे, खालून पूर्ण आधार असलेले रेल घ्या.

आता खरं काम: मशीन गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात आणणं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. सुताराचा गुण्या गॅन्ट्रीला (बेडवरून पुढे-मागे सरकणाऱ्या आडव्या पुलाला) लावून ‘बरोबर दिसतंय’ म्हणणं पुरेसं नाही. मोजायचं ते कापलेल्या कामावर.

बेडवर (मशीनच्या कामाच्या पाटावर) एमडीएफ घट्ट बसवा, टोकदार व्ही-बिट (व्ही आकाराचं पातं) लावा आणि ४०० × ३०० च्या चार कोपऱ्यांवर मशीनकडूनच बारीक टोचे मारून घ्या. स्टीलच्या पट्टीने दोन्ही कर्ण मोजा. पट्टीचं शून्य झिजलेलं असतं, म्हणून १० च्या खुणेपासून मोजा आणि तेवढे वजा करा. दोन्ही कर्ण ५०० मिमी यायला हवेत. त्यांच्यात १ मिमी फरक असेल, तर ३०० मिमी लांबीत मशीन ०.६ मिमीहून जास्त तिरकं आहे. चौकटीचे तुकडे जोडताना ते लगेच दिसतं.

हा फरक स्टेपचे आकडे बदलून घालवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. स्टेप बदलल्या की लांबी बदलते, कोन नाही. कोन पान्यानेच सुधारतो.

पुढचा डावा ते मागचा उजवा हा कर्ण मोठा आला, म्हणजे गॅन्ट्रीचं उजवं टोक मागे गेलंय. वीज बंद करा. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंच्या गाड्यांशी जोडणारे बोल्ट सैल करा. ते न सोडता जोर लावाल तर बेअरिंगवर ताण येईल. गॅन्ट्री ५०० मिमी रुंद असेल, तर १ मिमीच्या फरकासाठी उजवं टोक साधारण १ मिमी पुढे हवं. म्हणजे उजव्या स्क्रूचा एक अष्टमांश फेरा. बोल्ट आवळा, नवीन जागी टोचे मारा, पुन्हा मोजा. दोन्ही कर्ण पाव मिमीच्या आत जुळेपर्यंत थांबू नका.

मग पुढच्या बाजूला दोन ठोकळे बसवा, एकात पुढे-मागे होणारा बोल्ट. गॅन्ट्री गुण्यात असताना दोन्ही टोकं ठोकळ्यांना नेमकी टेकली पाहिजेत. वाय अक्षाच्या, म्हणजे गॅन्ट्री पुढे-मागे नेणाऱ्या, दोन मोटर असल्या की वीज बंद असताना एक बाजू हलकेच सरकते. म्हणून दरवेळी सुरू करण्याआधी गॅन्ट्री ठोकळ्यांना टेकवा, मगच स्विच.

यानंतर स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर. त्याला वाकवलेली जाड तार बांधून हाताने २०० मिमीचं वर्तुळ फिरवा. टोक बेडला सगळीकडे सारखं घासलं पाहिजे. एका बाजूला फट दिसली, तर स्पिंडलच्या पट्टीखाली थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून घाला. ‘बेडवर फेसिंग मारलं (मशीननेच बेडचा वरचा थर कापला) की झालं’ हे खोटं आहे. फेसिंगने बेड सपाट होतो, तिरका स्पिंडल तिरकाच राहतो आणि प्रत्येक फेरीची कड नखाला लागते. फेसिंग हवंच, पण सगळ्यात शेवटी.

पहिलं काम एमडीएफवरच करा: ३ मिमी बिट, एका फेरीत १ मिमी खोली, मिनिटाला ६०० मिमी वेग. जीआरबीएलमध्ये कमाल वेग मुळात ५०० असतो, तो आधी वाढवा. एमडीएफची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे मास्क आणि चष्मा रोज. इमर्जन्सी स्विचने मोटरसोबत स्पिंडलही बंद झाला पाहिजे. सुरुवातीच्या कामांत बोल्ट थोडे बसतात, म्हणून काही पाट्या कापून झाल्या की दोन्ही कर्ण पुन्हा मोजा.