मुलगा कुठे बसला होता?

मानसशास्त्राच्या विद्यार्थिनींना शिकाऊ कामासाठी कुठल्या रुग्णालयात जायचंय, त्या प्लेसमेंटची यादी लागली की फोन सुरू होतात. "ताई, चाइल्ड सायकियाट्री मिळालंय, काय वाचून जाऊ?" विचारणारीची डीएसएम, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची पोथी, वाचून झालेली असते, माइलस्टोन्सचा, म्हणजे मुलांच्या वाढीच्या टप्प्यांचा, तक्ता मोबाइलमध्ये असतो, बालविकासाचा सिद्धांत मांडणारा पिआजे तोंडपाठ असतो. मी सांगते, वाचलंयस तेवढं पुरे, तिथे खुर्च्या किती आहेत आणि वजनकाटा कुठे आहे ते बघून ठेव. पोरींना वाटतं मी थट्टा करतेय.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस जायचे. डोंबिवलीहून सातच्या सुमाराची लोकल, खांद्याला चाचण्यांची पेटी, आणि बायकांच्या डब्यात त्या पेटीवरून रोज एक भांडण. मुलांची ओपीडी म्हणजे मोठ्यांच्या ओपीडीच्या टोकाला घातलेलं लाकडी पार्टिशन. आत दोन टेबलं, तीन खुर्च्या, भिंतीवर रंग उडालेला मिकी माउस. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली याच मुंबईत, आज आपण ज्याला टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो, तिथे सुरू झालं. इतकी वर्षं झाली, आणि खुर्च्या अजून तीनच.

त्या तीन खुर्च्यांनीच माझा घात केला. खरं तर मीच केला, पण खुर्च्यांवर ढकलायला बरं वाटतं.

नऊ वर्षांचा मुलगा, चौथीतला. शाळेची चिठ्ठी होती: मारामारी करतो, वहीत काही लिहीत नाही. रेसिडेंट, म्हणजे तिथला शिकाऊ डॉक्टर, म्हणाला, "वर्क-अप करून ठेव, सगळी माहिती लिहून काढ, साडेअकराला सरांना प्रेझेंट करायचंय." एका खुर्चीवर मी, एकीवर आई, तिसरीवर मुलगा. आई बोलकी निघाली आणि मी खूश झाले. भराभर लिहीत सुटले. जन्मल्यावर लगेच रडला का, फिट आली होती का, चालायला कधी लागला, सगळं. मग आईचा बांध फुटला. अजून अंथरूण ओलं करतो. गादी गॅलरीत वाळत घातली की सगळी चाळ हसते. सासू रोज माझ्यावर घसरते. खरं सांगू का मॅडम, याच्या वेळेला आम्हाला मूल नकोच होतं, औषध घ्यायला उशीर झाला म्हणून राहिला.

हे शेवटचं मी 'अनवाँटेड प्रेग्नन्सी' असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मोठा शोध लागल्यासारखी. मुलगा केसपेपरचा कोपरा दुमडत होता आणि उलगडत होता. नंतर मी त्याच्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "काय रे, शाळेत कोण कोण मित्र आहेत?" त्याने मान वर केली नाही. मी मेंटल स्टेटसमध्ये, म्हणजे मुलाच्या मनःस्थितीच्या नोंदीत, लिहिलं: नजरेला नजर देत नाही, रॅपो (मोकळं बोलण्यापुरता विश्वास) प्रस्थापित होऊ शकला नाही. आईच्या नावापुढे नेहमीचं वाक्य, माहिती विश्वासार्ह आणि पुरेशी, म्हणजे रिलायबल अँड अ‍ॅडिक्वेट.

आमच्या सुपरवायझर मॅडमनी ती चार पानं शांतपणे वाचली. निदानाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आई हे सगळं सांगत होती तेव्हा मुलगा कुठे बसला होता?"

"इथेच. या खुर्चीवर."

"आणि रॅपो होत नाही म्हणतेस."

इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. ही चूक कुठल्याच पुस्तकात चूक म्हणून येत नाही. पुस्तकात 'पालकांकडून सविस्तर हिस्ट्री घ्यावी' एवढंच असतं. त्या वेळी मुलाचं काय करायचं हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसतं, कारण त्याच्या दवाखान्यात बहुधा खेळणी असलेली वेगळी खोली असते. आपल्याकडे मूल त्याच टेबलाशी असतं. आपण त्याच्याकडे बघत नाही, म्हणून ते ऐकत नाही असं आपण धरून चालतो. ते अक्षर न् अक्षर ऐकत असतं. आणि पाऊण तासानंतर तुम्ही त्याच्याकडे वळता तेव्हा त्याच्या लेखी तुम्ही आईच्या बाजूच्या झालेल्या असता. त्याच्या तक्रारी लिहून घेणारी आणखी एक बाई.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या खेपेला मी त्याची बुद्धिमापन चाचणी घेतली. बिने-कामत नावाच्या त्या चाचणीत तो प्रत्येक तोंडी प्रश्नाला "माहीत नाही" म्हणाला. मी इमानदारीत शून्य देत गेले. मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर, आकडा सत्तरच्या खाली, म्हणजे बौद्धिक अपंगत्वाच्या पट्ट्यात आला. मी रिपोर्ट टाइपसुद्धा केला. मॅडमनी तो अडवला, कारण त्याच मुलाने सेगाँ फॉर्म बोर्डचे, म्हणजे आकाराप्रमाणे खाचांत ठोकळे बसवायच्या बिनबोलाच्या चाचणीचे, दहाही ठोकळे तिन्ही वेळा झपाझप बसवले होते, वयाला साजेशा वेळात. एका ठिकाणी ठीक आणि दुसऱ्या ठिकाणी अगदीच खाली असं दिसलं की आधी थांबायचं. ज्या मुलाला बोलायचंच नाही त्याची तोंडी चाचणी घेतली तर मोजली जाते ती त्याची गप्प राहण्याची ताकद. आणि तो आकडा कागदावर राहत नाही. शाळेत जातो, मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो, पुढे कधीतरी प्रमाणपत्रावर चढतो. मुलगा मोठा होतो, आकडा तेवढाच राहतो.

तिसऱ्या खेपेला चाचणी नाही, हिस्ट्री नाही, नुसता कागद आणि रंगीत खडू. बराच वेळ तो काहीच करेना. मग खाली बघूनच म्हणाला, "तुम्ही ते सगळं लिहून घेतलं ना?"

"हो."

"गादीचं पण?"

"हो, ते पण."

"कोण वाचणार?"

माझ्या जिभेवर आलं होतं, कोणीच नाही, आपलं दोघांचं सिक्रेट. कशी कोण जाणे, गिळलं. म्हटलं, मी, आमच्या मॅडम आणि डॉक्टर. "शाळेत?" शाळेत गादीचं नाही सांगणार. त्याने निळा खडू उचलला.

ते सिक्रेट गिळलं म्हणून मी वाचले. मुलाला 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. कधीच म्हणजे कधीच. आज गादीचं सांगणारं मूल उद्या शेजारच्या काकाबद्दल सांगेल, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावी लागते. तुम्ही विद्यार्थिनी असलात तरी. न कळवल्यास शिक्षा आहे. तुमच्या हातात करण्यासारखं असतं ते असं: मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, खोदून खोदून विचारू नका, आणि त्याच दिवशी, घरी निघण्याआधी, सुपरवायझरना सांगा. 'सोमवारी भेटल्यावर सांगेन' चालत नाही. मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचं वाक्य मी अजून तेच वापरते: "तू सांगशील ते मी सगळीकडे सांगत सुटणार नाही. पण तुला कोणी त्रास देतंय किंवा तुला स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय असं कळलं, तर मी मोठ्यांची मदत घेणार, आणि घेण्याआधी तुला सांगणार."

आता बसायची व्यवस्था. पहिली पाच मिनिटं मुलाची, आईसमोर. "तुला काय सांगून आणलंय इथे?" हा प्रश्न न चुकता विचारा. निम्म्यांना राणीबागेत नेतो म्हणून आणलेलं असतं, उरलेल्यांना सुईची धमकी दिलेली असते. सुई नाही हे आधी स्पष्ट करा. मग आईला मुलासमोर फक्त ते विचारा जे मुलाने ऐकलं तरी चालेल: जन्म, माइलस्टोन्स, शाळा, त्याला काय आवडतं. महिने आठवत नसतील तर रागावू नका, सणावरून विचारा. "गणपतीत बसायला लागला होता का? होळीला चालत होता?" यावर आया झटकन सांगतात. बाकीचं मुलाच्या मागे. दुसऱ्या टेबलाशी पाठ करून बसवणं म्हणजे मागे नव्हे, तिथवर सगळं ऐकू जातं. सोबत बाबा किंवा आजी असेल तर त्यांच्याबरोबर पाणी प्यायला पाठवा. नसेल तर बरोबरच्या इंटर्नशी ठरवून घ्या, तुझा मुलगा मी सांभाळते, माझा तू. आणि हुकमी उपाय म्हणजे वजन-उंची. "मावशी, याची जरा वजन-उंची करून आणता का?" रुग्णालयात याला कोणी नाही म्हणत नाही, आणि मुलालाही आपल्याला हाकलल्यासारखं वाटत नाही.

'आई, तुम्ही पुढच्या वेळी एकट्या या' हा सल्ला पुस्तकी आहे. ती चार घरची कामं करते, एक खाडा म्हणजे पैसे कापले जातात. जमेल ते त्याच दिवशी जमवा. आणि मुलासमोर बोलणाऱ्या आईला "शूऽऽ, त्याच्यासमोर नको" असं झिडकारू नका. तिचं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असू शकते. "हे महत्त्वाचं आहे, दोन मिनिटांनी नीट ऐकते," म्हणायचं. आणि खरंच दोन मिनिटांनी ऐकायचं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते, तुम्हाला बऱ्याचशा ठाऊक असतील.

भाषा बघा. पुस्तकी मराठीत सूचना वाचून दाखवल्या आणि मूल घरी भोजपुरी किंवा दखनी बोलत असलं, तर शून्य तुमचा आहे. लक्ष देत नाही, बोलत नाही अशी तक्रार असेल तर आधी कान तपासून झालेत का बघा, मग ऑटिझम मोजायची 'इसा' ही चाचणी काढा. गोळी चालू ठेवू का, असं आई विचारणारच. उत्तर एकच, डॉक्टरांना विचारूया, चला. लर्निंग डिसअ‍ॅबिलिटीच्या, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीच्या, प्रमाणपत्रासाठी दहावीच्या तोंडावर पालकांची झुंबड उडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती अपंगत्व म्हणून आहे, परीक्षेत जादा वेळ मिळतो, त्यामुळे पालकांचं चुकत नाही. पण त्या घाईत तुमच्यावर 'लवकर उरकून टाक' म्हणून दबाव येईल. उरकू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत प्ले थेरपिस्ट करून सोडणारे कोर्स म्हणजे पायाआधी कळस. मीही एक केला, पैसे घरून मागून. सर्टिफिकेट छान जाड कागदाचं आहे. पैसे भरून 'ऑब्झर्व्हरशिप' करायची आणि सहा आठवडे मागे उभं राहून माना डोलवायच्या, त्यापेक्षा पालिकेच्या ओपीडीत केसपेपर लावायचं काम बरं, मुलं तरी दिसतात. सीनियरच्या रिपोर्टमध्ये नाव बदलून स्वतःचा बनवू नका. मी एकदा केला होता, आणि मुलीच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या परिच्छेदात 'तो' राहून गेला.

गुरूंचं म्हणाल तर, मला सर्वात जास्त शिकवलं ते ओपीडीतल्या सायकियाट्रिक सोशल वर्करनी. घरी कोण कमावतं, खोलीत किती माणसं झोपतात, मोरी कुठे आहे, हे त्या दहा मिनिटांत काढून घ्यायच्या. नऊ जणांच्या खोलीत रात्री अंधारात सगळ्यांना ओलांडून चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला मूल घाबरतं, हे मला कुठल्याही चाचणीत सापडलं नसतं. तुमच्या प्रत्येक केसला "व्हेरी गुड" म्हणणारे सुपरवायझर मिळाले तर जरा सावध राहा. लॉगबुकवर मात्र त्यांच्या सह्या दर आठवड्याला घ्या, वर्षाच्या शेवटी त्यांची बदली झालेली असते.

आणि एमए झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालं, असं नाही. ते नाव लावायला पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि इतकी वर्षं तिचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.मधून गेला. २०२० च्या शिक्षण धोरणाने एम.फिल. मोडीत काढायचं ठरवलं, २०२१ मध्ये अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टरांना जोडून काम करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकांसाठीचा, कायदा आला, त्यामुळे चित्र बदलतंय. म्हणून सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. ज्या संस्थेत फी भरणार तिचं नाव मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा, मगच पैसे भरा. नोंदणी होईपर्यंत रिपोर्टवर एकटीची सही करू नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

रडू येईल. मला परतीच्या लोकलमध्ये यायचं, घाटकोपरच्या पुढे, गर्दी जरा कमी झाली की. त्याने काही बिघडत नाही. आठवड्याला एकदा येणं नेहमीचं आहे, रोज यायला लागलं तर मॅडमशी बोला. मुलांचा चिकटपणा, शेंबूड, एकच प्रश्न चाळीस वेळा विचारणं याची मनापासून चीड येत असेल तर मोठ्यांकडे जा, त्यात कमीपणा नाही. पण पहिल्या महिन्यात काहीच जमत नाही म्हणून पळू नका. पहिल्या महिन्यात कोणालाच जमत नाही. ज्यांना जमतं त्या खोटं बोलतात.

तो मुलगा सहा वेळा आला. पाचव्या खेपेला चाचणी परत घेतली, या वेळी दुसरी, मॅलिनची बुद्धिमापन चाचणी, कारण तेच प्रश्न लगेच परत विचारण्यात अर्थ नसतो. आकडा सरासरीच्या जवळ आला. लिहिण्याचा प्रश्न मात्र खराच निघाला आणि त्याला लर्निंग डिसअ‍ॅबिलिटीच्या तपासणीसाठी पाठवलं. मे महिन्यात घरचे गावी गेले, जूनमध्ये आले नाहीत. दिलेला फोन नंबर लागत नव्हता. फाइलमध्ये माझ्या अक्षरात शेवटची ओळ आहे, फॉलोअपला आला नाही. आईची ती चार पानंही त्यातच आहेत, दोनदा मारलेल्या रेघेसकट. नोंद झालेलं खोडता येत नाही.

तर पिशवीत कोरे कागद, खडू, दोन पेन्सिली, शार्पनर आणि जुन्या पद्धतीचं स्टॉपवॉच ठेवा. मोबाइलचं नको, मूल मोबाइलच मागतं. आणि पहिल्या दिवशी लवकर जाऊन वजनकाटा शोधा. आमच्याकडे तो दुसऱ्या मजल्यावर होता, जाऊन यायला बारा मिनिटं. लिफ्ट बंद असली तर वीस, आणि आमची बहुतेक वेळा बंदच असायची.