ठाण्यात सायकलने कामावर जाताय? जिवावर बेतणाऱ्या या चुका टाळा

रोज सायकल चालवणाऱ्यांच्या चुका बेफिकिरीपेक्षा भीतीतून जास्त होतात. गाडीवाल्यांना आपली अडचण नको म्हणून आपण अंग चोरतो, कडेला सरकतो, मिळेल त्या फटीतून पुढे निघतो. त्या क्षणी सुरक्षित वाटतं, पण बऱ्याचदा नेमके तिथेच आपण चालकाच्या नजरेआड होतो. मानपाड्याहून वागळे इस्टेटला सायकलने जाताना यातल्या बऱ्याच चुका मीही केल्या आहेत.

कडेला चिकटून चालवणं

रस्त्याची डावी कड म्हणजे खडी, चिखल, डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली खाच आणि गटाराची जाळी. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर सरळ आत अडकतो. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं, याच लेनमधून निघून जाऊ, आणि तो हँडलला घासून जातो. कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे रस्ता अरुंद होतो तिथे आधी मागे बघा, हात दाखवा आणि मग लेनच्या मध्यावर या. मागून हॉर्न वाजेल. वाजू द्या, हॉर्न देणाऱ्याने निदान तुम्हाला पाहिलेलं तरी असतं.

उभ्या गाड्यांपासूनही तेवढंच अंतर हवं. नौपाड्यात गोखले रोडवर एकदा उभ्या कारचं मागचं दार अचानक उघडलं. आत शाळेचं दप्तर सावरत उतरणारी मुलगी होती. ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते, त्यामुळे ब्रेकवर बोटं पोहोचेपर्यंत मी दारावर आदळलो होतो. उजवा खांदा रस्त्यावर आणि डोक्यापासून दोन हातांवर मागून आलेल्या बसचं पुढचं चाक. त्या बसचालकाने अंतर राखलं होतं म्हणून मी आज हे लिहितोय.

कारवाल्यांना कळकळीने सांगतो, दाराच्या बाजूच्या हाताने दार उघडू नका, दुसऱ्या हाताने उघडा. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायला गेलात की अंग आपोआप वळतं आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. मुलांना लहानपणापासून हीच सवय लावा.

ट्रेलरच्या डावीकडून पुढे काढणं

सगळ्यात घातक चूक हीच. न्हावाशेवा बंदराकडून गुजरातला जाणारे बरेच कंटेनर घोडबंदर रोडने जातात. सिग्नलला ट्रेलर उभा असतो, त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये सायकल मावेल एवढी जागा दिसते आणि आपण आत शिरतो.

आमच्या सोसायटीत सामान घेऊन आलेल्या एका ट्रकचालकाने मला एकदा त्याच्या जागेवर बसवलं. मित्राला म्हटलं, सायकल घेऊन डाव्या बाजूला उभा राहा. आरशात पाहिलं, खिडकीतून वाकून पाहिलं, मित्र कुठेच दिसेना. तो केबिनच्या दारापाशी, हाकेच्या अंतरावर उभा होता. चालक म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही लोक तिथेच येऊन थांबता. आम्हाला काय दिसणार?’’

दुसरी गोष्ट चाकांची. लांब गाडी डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. सुरुवातीला भरपूर दिसणारी जागा वळणाच्या मध्यावर उरतच नाही. म्हणून सिग्नलला ट्रक, बस किंवा मिक्सर असेल तर त्याच्या मागे थांबा. आधीच बाजूला अडकला असाल तर शर्यत लावू नका. पायडलवरून उतरा आणि सायकल उचलून फुटपाथवर चढा. बस थांब्यावर उभी असतानाही डावीकडून जाऊ नका. उतरणारा प्रवासी थेट तुमच्यासमोर येतो.

सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणं

यू-टर्न लांब पडतो म्हणून कित्येक जण हे करतात. ‘समोरची गाडी दिसते तरी’ असं कारणही देतात. पण सोसायटीच्या गेटमधून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही त्याच्या डावीकडून येता. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ताशी 40 आणि तुमचा 20 असेल, तर टक्कर 60 च्या वेगाने होते. यू-टर्नपर्यंत जायचं नसेल तर उतरा आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून चाला.

पाऊस आणि अंधार

रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की चाकाचे दोन-तीन फेरे होईपर्यंत पकडत नाहीत. सिग्नलच्या बऱ्याच आधी ते हलके दाबून रिम पुसून घ्या. लोखंडी प्लेट, पुलाचे सांधे, झेब्रा पट्टे यांवर वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ जा. पाणी साचलेलं असेल तिथे खड्डा आहे असंच धरून चाला.

पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावाच. घोट्यांना चमकणारी पट्टी बांधलीत तर ती पायडलबरोबर वर-खाली होते आणि मागच्याला लांबूनच कळतं की सायकल आहे. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर असावं, मागे सरकवलेलं नको. इअरफोन खिशात.

पडल्यावर घाईने निघणं

लोक जमतात, संकोच वाटतो, आपण ‘काही नाही, काही नाही’ म्हणत पुन्हा स्वार होतो. तसं करू नका. आधी रस्त्याच्या बाजूला या आणि पाच मिनिटं बसा. डोक्याला मार असेल, गरगरत असेल, मळमळत असेल तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तुम्ही बघ्यांमध्ये असाल तर मदतीला पुढे व्हा. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

मग सायकल पाहा. पुढचं चाक उचलून फिरवा, ते ब्रेकला घासत नाही ना? हँडल चाकाच्या काटकोनात आहे ना? पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांना, बाक किंवा चीर दिसली तर सायकल रिक्षात टाकून दुकानात न्या. आणि आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल एकदाच धक्का शोषतो.