डिझर्टेशनला अंडी घेऊन बसणार असाल तर

लातूरला एमएस्सी झूलॉजीला होतो तेव्हा विषय घेतला, मोबाईल रेडिएशनने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयावर काय होतं. इनक्युबेटर लागतो म्हणल्यावर आजी म्हणली, मशीन कशाला रे, खुडूक कोंबडी हाय की आपली.

दुकानातली पांढरी अंडी आणू नका, ती फलितच नसतात. हॅचरीतून आणा नाहीतर ज्याच्या घरी कोंबडा आहे त्याच्याकडून, आणि नंबर पेन्सिलीने टाका, कवचाला छिद्रं असतात, मार्कर नको.

आता माझा घोळ. इनक्युबेटर 37.5 ला लावला, अंड्यांच्या मधोमध फोन, कॉल चालू. तीन दिवसांनी फोडली तर फोनजवळची बरीच मेलेली, मी उड्या मारायलो, रिझल्ट आला म्हणून! गाईडनी एवढंच विचारलं, तिथं थर्मामीटर ठेवलता का? ठेवून बघितला तर फोनलगत 39 च्या वर. आता ती रेडिएशनने मेली का नुसत्या गरमीने, सांगणार कसं? सगळी बॅच पाण्यात. मग फोन लांब सरकवला, दुसऱ्या गटात त्याच जागी बंद फोन, आणि दोन्हीकडं अंड्याला चिकटून थर्मामीटर. अजून एक, कॉलवर कोणी बोलत नसलं तर फोन सिग्नल कमी सोडतो, म्हणून पलीकडच्या फोनजवळ कीर्तन लावून ठेवायचो, लॅबमधले हसायचे.

अंडी उबवायला ठेवल्यापासून 33 ते 36 तासांच्या आसपास हृदय साध्या नळीसारखं असतानाच हलायला लागतं, मग उजवीकडं वळतं. 72 तासांनी बोथट टोकाकडून खिडकी पाडली की बलकावर लाल ठिपका, टुकटुक टुकटुक... पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्टॉपवॉच लावायचंच राहिलं. ठोके मोजताना भ्रूणावर सोडायचं सलाईन कोमट पाहिजे, गार झालं की ते मंदावतात आणि तुम्ही बसता रेडिएशनला नावं ठेवत. वाढ तासांवर नाही तर हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या (1951) भ्रूणाच्या दिसण्यावरून ठरवलेल्या 46 स्टेजवर लावा, सोमाइट (पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे) मोजून, आणि मोजणाऱ्याला कुठलं अंडं कुठल्या गटातलं ते कळू देऊ नका. मी मित्राला बसवलं, चहावर.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मोबाईल रेडिएशनचं 2011 चं आयएआरसीचं, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं, वर्गीकरण विचारतात, गट 2बी, म्हणजे कॅन्सरची शक्यता, सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडची एसएआर (शरीर फोनची किती ऊर्जा शोषतं त्याचं माप) मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो, पण ती माणसाच्या 1 ग्रॅम ऊतीवर काढतात, अंड्याला तो आकडा चिकटवला की परीक्षक धरतोच.

शेवटी माझ्या दोन गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. तसंच लिहिलं. आजीला सांगितलं तर म्हणली, मग एवढी अंडी कामून फोडली?